घरच्यांचा खण

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. आणि खोली चक्क स्वच्छ! दार उघडल्याउघडल्या मी सवयीप्रमाणे कपाटावरून बोट फिरवलं, तर बोट जसंच्या तसं. ताई असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. लहानपणापासून ती मला ईबाई म्हणते, कारण दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडून 'ई' निघतं. दुसऱ्याचा उष्टा कप, गुंतवळ अडकलेला कंगवा, साबणाच्या वडीला चिकटलेला केस... नुसतं लिहितानाही 'ई' निघालं. पण याच स्वभावाने मला ही नोकरी मिळवून दिली, तेव्हा ताईने आता गप्प बसावं.

इथे एक यान तयार होतंय. ते एका लघुग्रहापर्यंत जाणार, त्याच्या अंगावरची मूठभर माती खरवडणार, डब्यात भरणार आणि सहा वर्षांनी तो डबा पृथ्वीवर आणून टाकणार. त्या मातीत आपल्याकडची घाण मिसळली तर एवढ्या खटाटोपाचं मुसळ केरात. म्हणून उड्डाणापर्यंत यानावर कुणाचा केस, कोंडा, थुंकीचा शिंतोडा नाही ना, हे तपासायला स्वच्छता तपासनीस लागते. ती मी. माझ्या आधीची तपासनीस कातडीच्या कसल्याशा तक्रारीमुळे मध्येच सोडून गेली. ही खोलीही तिचीच होती. बाई टापटिपीची होती यात शंका नाही.

उड्डाण ११ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी ताई छकुलीला घेऊन येणार आणि छकुली कायमची माझ्याकडे राहणार. तीन वर्षं मी गावोगाव सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत फिरले आणि पोर मावशीकडे वाढली. आता बास. आज फोनवर तिने बातमी दिली की समोरचा दात हलतोय आणि तो ती कुणालाही काढू देणार नाही, पडला की फक्त मला देणार. मी म्हटलं, धुऊन दे हो. ती खिदळली.

५ मार्च, बुधवार

क्लीनरूममध्ये शिरायलाच पाऊण तास लागतो. आधी अंघोळ. मग कोपरापर्यंत हात निळ्या पाण्याने तीनदा पुसायचे. त्याला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण सगळे निळं पाणीच म्हणतात. त्यात म्हणे काहीही जिवंत राहत नाही. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडपट्टी, हातमोज्यांचे दोन थर. आत गेल्यावर माझे डोळेच निवले. पांढऱ्या भिंती, पांढरा उजेड, मधोमध यान. त्याचा एक लांब हात, हाताच्या टोकाला माती खरवडणारी गोल चकती. तिला इथे झारा म्हणतात. झाऱ्याखाली डबा. आणि त्या लघुग्रहाला म्हणतात धोंडू. धोंडू अकरा वर्षांतून एकदाच जवळ येतो, त्यामुळे तारीख चुकली की अकरा वर्षं हात चोळत बसायचं.

स्वच्छता विभागाच्या प्रमुखांना सगळे निर्मळकाका म्हणतात. निवृत्तीला आलेत, गोड बोलतात, चहाही हातमोजे घालूनच पितात. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

त्यांनी मला घरच्यांचा खण दाखवला. क्लीनरूममध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची त्यात एक डबी असते. डबीत चार गोष्टी: केस, नखं, खरवडलेली कातडी, थुंकी. यानाभोवती नाण्याएवढ्या पट्ट्या उघड्या ठेवलेल्या असतात. त्यांना साक्षीपट्ट्या म्हणतात. वरून जे पडेल ते त्यांच्यावर पडतं. ते उचलून यंत्रात घालायचं आणि खणातल्या डब्यांशी ताडायचं. जुळलं तर नोंदीवर शिक्का 'घरचं'. मग पुसून टाकायचं आणि पुढे चालायचं. जुळलं नाही तर शिक्का 'परकं', आणि मग उड्डाणाचं सगळं काम जागच्या जागी थांबतं. काका म्हणाले, अकरा वर्षांत परकं एकदाही निघालेलं नाही.

माझीही डबी भरली. चारचौघांत नळीत थुंकायचं म्हणजे... ई! घरी येऊन तीनदा चूळ भरली. छकुलीला निळ्या पाण्याची गोष्ट सांगितली, की आईकडे जगातलं सगळ्यांत स्वच्छ पाणी आहे. त्याने काय काय धुता येतं, याची तिने भली मोठी चौकशी केली.

१० मार्च, सोमवार

आज पहिल्यांदा पट्टीवर काहीतरी सापडलं. डब्याच्या बरोब्बर खालची, सात नंबरची पट्टी. तिच्यावर दुधावर धरते तशी पातळ साय होती. पिवळट, किंचित ओलसर. चिमट्याने उचलली तर ताणली गेली आणि सुटल्यावर हळूच मागे आली. तोंडपट्टीतूनही वास आला. जेवणाचा डबा धुवायचा राहून दोन दिवस बंद पडला की झाकण काढल्यावर येतो तसा. मला ओकारी आली. पोशाखात ओकलं तर काय होईल या विचाराने ती गिळली, ते वेगळंच.

नियमाप्रमाणे आधी फोटो काढला, मग नोंद केली, मग कापसाच्या बोळ्यावर नमुना घेतला आणि शेवटी निळ्या पाण्याने पट्टी लख्ख पुसली.

१२ मार्च, बुधवार

यंत्राचं उत्तर आलं. जुळलं. आधीच्या तपासनीसबाईंशी.

मी काकांना विचारलं की बाईंना जाऊन तीन महिने झाले, पट्ट्या रोज पुसल्या जातात, मग त्यांची ओली कातडी आज कुठून आली? काका हसले आणि म्हणाले की माणूस जातं, कोंडा राहतो. एखाद्या फटीत असेल. जुळलं ना? मग घरचं. त्यांनी शिक्का मारलासुद्धा. मी फार नव्याच्या नवलाईने बघते असं त्यांचं मत पडलं.

छकुलीचा दात अजून हलतोय. मावशीने दोरा बांधू का विचारलं तर म्हणे तिने पलंगाखाली बसून सत्याग्रह केला.

१८ मार्च, मंगळवार

सात नंबरवर पुन्हा साय. या वेळी जाड. वाकून पाहिलं तर तिच्यावर बारीक बारीक छिद्रं दिसली, आपल्या नाकावर असतात तशी. आणि एका छिद्रातून केस आला होता. एकच. काळा. ओला.

साबणावरचा केस ज्या बाईला सोसवत नाही, तिने काय करावं? मी पुसून टाकलं. फोटो नाही, नोंद नाही, नमुना नाही. निळ्या पाण्याची अर्धी बाटली ओतली आणि खसाखसा घासलं. नंतर भानावर आले. नोंदीआधी पुसणं म्हणजे इथे सगळ्यांत मोठा गुन्हा. कळलं तर नोकरी गेलीच, आणि नोकरी गेली की छकुली पुन्हा मावशीकडे. मी नोंदवहीत लिहिलं, सात नंबर, स्वच्छ.

स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

२३ मार्च, रविवार

सुट्टी. खोलीतली मोरी तुंबली. जाळी उचलली आणि खाली तीच साय. तळहाताएवढी, लिबलिबीत, कडेने केसांची झालर. मी किंचाळून बाहेर पळाले.

बेसिनखालच्या कपाटात शोधाशोध केली तर मागे निळ्या पाण्याची मोठी बाटली मिळाली. आधीच्या बाईंनी चोरून आणलेली असणार. म्हणजे त्यांच्या वेळीही मोरीत हे होतं. सगळी साय खरवडून कागदात गुंडाळली. मोरीत निळं पाणी ओतलं, हात कोपरापर्यंत चारदा पुसले. मग अंघोळ. मग पुन्हा हात. जेवण गेलं नाही. दूध तापवलं, त्यावर साय धरली, ते तसंच फेकून दिलं.

२७ मार्च, गुरुवार

आता सात नंबरच नव्हे, पाच, सहा, आठ, सगळीकडे. आज मी नियमाने नमुना घेतला. यंत्राने उत्तर दिलं.

जुळलं. माझ्याशी.

मी हातमोज्यांचे दोन थर घालते. माझी ओली कातडी तिथे पडूच शकत नाही. सायीच्या एका कोपऱ्यात पांढरं टोकदार काहीतरी होतं. चिमट्याने दाबलं. नख. त्याखाली थोडा फेस, थुंकीचा. चार गोष्टी आम्ही खणात भरल्या, तेवढ्याच चार याला येतात. कातडी, केस, नख, थुंकी. हाड नाही, डोळा नाही, दात नाही. म्हणून त्याला आकार नाही. शी! शी! शी!

काकांनी शिक्का मारला. घरचं.

१ एप्रिल, मंगळवार

एक खात्री करून घेतली. गेले पाच दिवस नऊ नंबरची पट्टी मी मुद्दाम कोरडी ठेवली. आठ नंबर रोज निळ्या पाण्याने घासली. आज आठ नंबरवर बोटभर जाड थर आहे. नऊ नंबरवर होती तेवढी सायही वाळून, पापुद्रा होऊन गळून गेली.

ही साय निळं पाणी पिते.

अकरा वर्षं आम्ही घासतोय. त्यात जे मेलं ते मेलं. जे उरलं त्याला आम्ही रोज पाजत आलो. आणि सगळ्यांत जास्त मी. माझ्याएवढं कुणी घासलं नसेल.

उजव्या कोपराच्या आत, जिथून डबीसाठी कातडी खरवडली होती, तिथे काहीतरी चिकट आहे. पुसलं तर बोळ्याबरोबर ताणलं जातं. आणि मागे येतं.

४ एप्रिल, शुक्रवार

नोंदीवर मी स्वतः 'परकं' शिक्का मारला आणि ती थेट उड्डाणप्रमुख बाईंकडे नेली. त्यांनी यंत्राचा कागद मागितला. त्यावर लिहिलं होतं, जुळलं. बाई शांतपणे म्हणाल्या की घरचं असेल तर अडायचं कशाला, धोंडू काही आपल्यासाठी थांबणार नाही.

मग काकांकडे गेले. बाही वर करून हात दाखवला. ते दचकलेसुद्धा नाहीत. त्यांनी दार लावलं आणि आपला हातमोजा काढला. मी त्यांचा हात पहिल्यांदा पाहिला. तळव्यावर एकही रेषा नाही. गुळगुळीत, ओला. आणि तळव्यात नखं, तांदळाच्या दाण्यांएवढी, दाटीवाटीने. त्यांनी मूठ मिटली तेव्हा ती एकमेकांवर घासल्याचा आवाज आला.

मी तिथेच टोपलीत ओकले. काकांनी मला रुमाल दिला. त्याच हाताने.

ते म्हणाले की दुखत नाही, सवय होते, घरचंच आहे. मी आधीच्या बाईंचं विचारलं. त्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, तिने हात धुणंच सोडलं होतं. अंघोळ नाही, काही नाही, अंगाला वास मारायला लागला. शेवटी घरी पाठवावं लागलं. ठणठणीत बरी आहे म्हणतात, पण काय उपयोग असल्या गलिच्छ बाईचा?

ठणठणीत बरी आहे. हे एकच वाक्य मी बरोबर घेऊन आले.

५ एप्रिल, शनिवार

ठरलं. रजेचा अर्ज टाकला. सुकवायचं. पाणी नाही, साबण नाही, निळं तर नाहीच. बाटली फेकावी तर कुठे? मोरीत ओतली तर मोरीतलं वाढेल. बूच घट्ट लावून पुन्हा बेसिनखाली ठेवली. मोरी, बेसिन सगळं बाहेरच्या खोलीत; आतल्या खोलीत पाण्याचा थेंब नाही, तिथे राहणार.

ताईला फोन केला, येऊ नका, छकुलीला आणू नका. कारण काय सांगणार? त्वचेचा आजार म्हटलं. ताई भडकली. रजा काढलीये, पोर दिवस मोजतेय, दर वेळी तुझं काहीतरी असतंच, म्हणाली. आणि फोन ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस अंघोळ नाही. मी. काखेत चिकचिक, डोक्यात खाज, तोंडाला वास. उशीला माझाच वास. माझी मलाच किळस येते. हात नळाकडे धावतो, तो मांडीखाली दाबून बसते.

पण कोपरावरचं कोरडं पडतंय! कडा उचलल्या गेल्यात. आज एक पापुद्रा आपोआप गळला.

तिकडे आज डबा बंद केला. बंद करण्याआधी आतून शेवटचं पुसतात. निळ्या पाण्याने.

११ एप्रिल, शुक्रवार

उड्डाण झालं. खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत होते. ते वर गेलं — धुराची रेघ — माझी कातडी घेऊन गेलं. सहा वर्षांनी डबा येईल. उघडतील. खणाशी ताडतील. म्हणतील घरचंच आहे, आणि हाताने — ई — ई —

अर्धा हात मोकळा झाला. अजून दोन दिवस. फक्त दोन.

मोरीतून ओला आवाज येतोय. निळं मिळत नाही म्हणून ते बाहेर आलं असावं. मी आतून कडी लावलीये. दाराखाली फट आहे, दोन बोटांची. तिच्यात कपडे कोंबले.

१२ एप्रिल, शनिवार

आल्या त्या दोघी. न ऐकता आल्या. बाहेरचं दार रखवालदाराने उघडून दिलं.

ताई दार बडवत होती, मोरी तुंबून बाहेर सगळं लिबलिबीत झालंय म्हणत होती — मी म्हटलं उघडणार नाही, तिला घेऊन जा, आत्ता जा. ताई रडली. म्हणाली तुझं डोकं फिरलंय, सुतार आणते, दार तोडते. गेली. पोरीला ठेवून गेली!

छकुली दाराशी बसलीये. मी सांगितलं कशाला हात लावू नकोस, खुर्चीवर चढून बस. ती हो म्हणते.

कपड्यांचा बोळा ओला झालाय. बाहेरून. साय त्यातून झिरपतेय — आत येतेय — फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत — श्वास घेतल्यासारखी वर-खाली. केस. नखं. सगळं माझं.

मी पलंगावर उभी आहे. कोपर जवळजवळ कोरडं आहे. जवळजवळ —

ती सांगतेय की दात पडला. गाडीतच पडला. मावशीला हात लावू दिला नाही, मुठीत धरून आणलाय. आईसाठी.

मी म्हटलं तुझ्याजवळच ठेव, सोन्या, तुझ्याजवळच —

ती म्हणतेय की घाण नाहीये तो. तिला माहितीये आईला घाण आवडत नाही. तिने धुतलाय. बेसिनखालच्या बाटलीने. निळ्या. दातही धुतला आणि हातही, चांगले कोपरापर्यंत —

नको नको नको

बोळा सरकला. फटीतून बोटं. चिमुकली, ओली, निळी. दात पुढे केलाय —

मी ओरडले हात मागे घे, मी उडी मारली, पण ते माझ्याआधी —

दात आत घेतला त्याने. सगळी साय तिकडे धावली. मधोमध फुगतेय. उघडतेय. एक दात — दुसरा — सगळे दुधाचे —

बाहेर छकुली हसतेय. म्हणतेय गुदगुल्या होतात, आई माझं बोट सोड —

मी तिचं बोट धरलेलंच नाही